इंजिनिअरिंगसाठी कॉम्प्युटर घेताना: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची जोडी कशी जमवाल?

सीईटीचा निकाल लागतो, कॅपच्या फेऱ्या सुरू होतात, मुलाला किंवा मुलीला कॉलेज मिळतं आणि घरात पुढचा विषय निघतो तो कॉम्प्युटरचा. कॉलेज भायखळ्याचं साबू सिद्दीक असो, न्यू पनवेलचं काळसेकर, मालेगावचं मौलाना मुख्तार अहमद नदवी कॅम्पस किंवा नागपूरचं अंजुमन, प्रश्न सगळ्या घरांत सारखाच असतो. पैसे किती लागतील? कुठलं मॉडेल घ्यायचं? दुकानदाराचं ऐकायचं की मुलाच्या मित्राचं?

आपल्यातली बरीच कुटुंबं व्याजाचा हप्ता टाळतात. त्यामुळे कॉम्प्युटरचे पैसे रोख जातात, आणि ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी बचतीतून, ईदीतून किंवा आखातात असलेल्या मामा-चाचांच्या मदतीतून उभे राहिलेले असतात. एकदा चुकीची वस्तू घरात आली की ती बदलायला दुसरे पैसे नसतात. म्हणून हा विषय आम्ही जरा सविस्तर मांडत आहोत. तांत्रिक शब्द येतील, पण प्रत्येकाचा अर्थ सोप्या भाषेत सांगत जाऊ.

थोडक्यात पाहायचं असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा:

- आधी सॉफ्टवेअरची यादी करा, मग मशीन ठरवा.
- प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड वेगवेगळे निवडू नका. मदरबोर्ड, मेमरी आणि पॉवर सप्लायसकट पूर्ण जोडी ठरवा.
- सगळं एकाच दिवशी घेण्याची गरज नाही. नीट आखणी केली तर कार्ड वर्षभराने घेता येतं.
- प्रत्येक वस्तूचा पूर्ण मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या.

आधी सॉफ्टवेअर, मग मशीन

"इंजिनिअरिंगला चालेल असा कॉम्प्युटर द्या," असं दुकानात सांगितलं की समोर बहुधा गेमिंगचं मशीन येतं. रंगीत दिवे, काचेचा कॅबिनेट, मोठं कार्ड. ते वाईट असतं असं नाही, पण ते गेमसाठी जुळवलेलं असतं. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक शाखेचं सॉफ्टवेअर वेगळं आणि त्याची भूकही वेगळी. कुणाला प्रोसेसर लागतो, कुणाला मेमरी, कुणाला ग्राफिक्स कार्ड.

ऑटोकॅडवर नकाशा काढताना बहुतांश काम प्रोसेसरचा एकच कोअर करतो. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल तयार करताना, रेव्हिटमध्ये इमारत उभी करतानाही बराचसा भार एका कोअरवरच असतो. याउलट अॅन्सिससारख्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला जास्त कोअर आणि भरपूर मेमरी लागते. चिप डिझाइनच्या व्हिवाडोला ग्राफिक्स कार्डाचा काहीच उपयोग नाही, त्याचं सगळं काम प्रोसेसर आणि मेमरीवर होतं. लुमिऑन किंवा एन्स्केपसारखं रेंडरिंग मात्र जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर चालतं.

म्हणून पहिलं काम हे: कॉलेजच्या सीनिअरला किंवा विभागातल्या सरांना, मॅडमना विचारा की पुढच्या चार वर्षांत कुठली सॉफ्टवेअर शिकवली जाणार आहेत. ती नावं कागदावर लिहा. मग त्या कंपन्यांच्या वेबसाइटवर किमान आणि शिफारस केलेली गरज काय दिली आहे ते बघा. शिफारस केलेली गरज हाच आपला पाया धरा. किमान गरजेवर सॉफ्टवेअर उघडतं, पण त्यावर रोज काम करणं कठीण जातं.

याच वेळी लायसन्सचंही बघा. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी मोफत मिळतात आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण होतं. अॅन्सिसचीही मोफत विद्यार्थी आवृत्ती आहे, तिच्यात मॉडेलच्या आकाराला मर्यादा असते. सॉलिडवर्क्स आणि मॅटलॅब कॉलेजमार्फत मिळतं का ते विचारा. मोफत रास्त मार्ग असताना चोरीचं, 'क्रॅक' केलेलं सॉफ्टवेअर टाकणं योग्य नाही, आणि त्यातून व्हायरस येतो तो वेगळाच.

प्रोसेसर: कोअर किती, त्यापेक्षा कोअर कसा

प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू. त्यात अनेक कोअर असतात. प्रत्येक कोअर म्हणजे एक कामगार समजा. काम एकाच कामगाराने करायचं असेल तर बाकीचे तेरा जण उभे राहून बघतात. अशा वेळी तो एक किती चपळ आहे हेच महत्त्वाचं ठरतं.

जुन्या बाजारात मिळणारा झिऑन ई५-२६८० व्ही४ हा २०१६ चा प्रोसेसर आहे. त्यात १४ कोअर आहेत आणि कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ. इंटेल कोअर आय५-१२४०० मध्ये फक्त ६ कोअर, पण कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, शिवाय रचना नवी असल्याने प्रत्येक ठोक्यात जास्त काम होतं. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्ससाठी हा सहा कोअरवाला पुढे जाईल. "सर्व्हरचा प्रोसेसर आहे, चौदा कोअर आहेत," हे ऐकून भुलायचं नाही.

कोअरच्या आकड्यात आणखी एक मेख आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच मॉडेलांत दोन प्रकारचे कोअर असतात: मोठे वेगवान आणि छोटे कमी वीज खाणारे. कोअर आय७-१४७०० च्या डब्यावर २० कोअर दिसतात, त्यांतले ८ मोठे आणि १२ छोटे. रायझनच्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, जसं रायझन ५ ७६०० चे ६ किंवा रायझन ९ ९९५०एक्स चे १६, सगळे कोअर एकाच प्रकारचे असतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक बाब बघा: लायसन्स किती कोअर वापरू देतं? अनेक लायसन्समध्ये ठरावीक कोअरपुढे वेगळे पैसे द्यावे लागतात. लायसन्स चार कोअरचं आणि प्रोसेसर सोळा कोअरचा, अशी जोडी म्हणजे निव्वळ इस्राफ.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढून मशीन अस्थिर होण्याची तक्रार होती. इंटेलने ती मान्य केली, ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्तीचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे प्रोसेसर घ्यायला हरकत नाही, पण मदरबोर्डचा बायोस नवा टाकून घ्या. सेकंडहँड घेत असाल तर या पिढ्यांचे आय७ आणि आय९ जरा जपूनच घ्या.

डब्यावरचं एक अक्षर

आमच्या ओळखीच्या एका घरात नवं मशीन आलं. दुकानदाराला सांगितलं होतं की कार्ड नंतर घेऊ, तोवर असंच चालवू. घरी आणून सुरू केलं तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटर काळाच. दोन दिवस अब्बा आणि मुलगा केबल बदलत बसले. दोष केबलचा नव्हता. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर होतं.

इंटेलमध्ये शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. आय५-१२४०० मध्ये ते आहे, आय५-१२४००एफ मध्ये नाही. कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. किंमत थोडी कमी असते, म्हणून दुकानदार तो सुचवतो. कार्ड त्याच दिवशी घेणार असाल तर 'एफ' चालेल.

रायझनमध्ये नियम थोडा वेगळा आहे. ७००० आणि ९००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स असतं, इथेही 'एफ' असेल तर नसतं. जुन्या ५००० मालिकेत मात्र शेवटी 'जी' असेल तरच ग्राफिक्स असतं. ८००० मालिकेतल्या 'जी' प्रोसेसरांत आतलं ग्राफिक्स बरंच ताकदवान आहे, पण बाहेरच्या कार्डासाठी त्यांच्याकडे वाट अरुंद ठेवलेली असते: १६ लेनऐवजी ८, आणि रायझन ५ ८५००जी मध्ये फक्त ४. लेन म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातल्या रस्त्याच्या पदऱ्या. पुढे मोठं कार्ड लावायचा विचार असेल तर 'जी' ऐवजी साधा ७६०० बरा.

ग्राफिक्स कार्ड: गेमिंगचं की प्रोफेशनल?

एनव्हिडियाची कार्डं दोन घराण्यांतली. जीफोर्स म्हणजे गेमिंगची आणि आरटीएक्स ए१०००, ए२०००, आरटीएक्स २००० एडा वगैरे प्रोफेशनल. पूर्वी यांनाच क्वाड्रो म्हणत. एएमडीचंही तसंच, रेडिऑन आणि रेडिऑन प्रो. प्रोफेशनल कार्ड त्याच ताकदीच्या गेमिंग कार्डापेक्षा बरंच महाग पडतं. मग फरक काय?

पहिला फरक प्रमाणपत्राचा. सॉलिडवर्क्स, कॅटिया यांसारख्या सॉफ्टवेअरच्या कंपन्या ठरावीक कार्ड आणि ड्रायव्हर तपासून यादी जाहीर करतात. त्या यादीत प्रोफेशनल कार्डं असतात. सॉलिडवर्क्समधलं रिअलव्ह्यू हे दृश्य जीफोर्सवर अधिकृतपणे चालत नाही. कार्ड यादीत नसेल आणि अडचण आली, तर कंपनीची मदतही मर्यादित मिळते.

दुसरा फरक विजेचा आणि आकाराचा. आरटीएक्स ए१००० हे ८ जीबीचं कार्ड ५० वॉट घेतं. आरटीएक्स २००० एडा १६ जीबी मेमरी देऊन ७० वॉटमध्ये भागवतं. मदरबोर्डचा स्लॉट स्वतः ७५ वॉटपर्यंत वीज देतो, म्हणून या कार्डांना वेगळी वायर लागत नाही. छोट्या पॉवर सप्लायच्या जुन्या ऑफिस-कॉम्प्युटरमध्येही ती बसू शकतात.

मग विद्यार्थ्याने काय घ्यावं? आमचं मत असं: शिकत असताना साधं जीफोर्स कार्ड पुरतं. सॉलिडवर्क्स त्यावर चालतं, प्रोजेक्ट होतात. घरी बसून कंपनीचं काम घेणार असाल, मोठ्या असेंब्ली उघडणार असाल आणि काम बंद पडलं तर पैशाचं नुकसान होणार असेल, तेव्हा प्रोफेशनल कार्डाचा खर्च वसूल होतो.

तिसरी गोष्ट कुडाची. कुडा ही एनव्हिडियाची स्वतःची प्रणाली आहे. मॅटलॅबमध्ये ग्राफिक्स कार्डावर गणितं करायची तर एनव्हिडियाचंच कार्ड लागतं. मशीन लर्निंगची बहुतेक साधनंही आधी कुडावर चालतील अशी बनतात. अशा शाखेच्या मुलांनी एएमडीचं कार्ड स्वस्त मिळालं तरी दोनदा विचार करावा.

एआयसाठी कार्डाच्या वेगाइतकीच, किंबहुना जास्त, त्याची मेमरी बघा. साधा हिशोब आहे: ७०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये ठेवायचं तर प्रत्येकी २ बाइट, म्हणजे अंदाजे १४ जीबी मेमरी नुसती ठेवायलाच लागते. ८ जीबीच्या आरटीएक्स ४०६० मध्ये ते मावणार नाही. तेच मॉडेल ४ बिटमध्ये दाबलं तर साधारण ४ जीबीत बसतं. म्हणून या कामासाठी कधी कधी जुनं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० नव्या ८ जीबीच्या कार्डापेक्षा उपयोगी ठरतं. सावध राहा, ३०६० चा ८ जीबी प्रकारही आहे. डबा नीट वाचा.

जोडी जमवणं: सॉकेट, बोर्ड, मेमरी

एक बैल चपळ आणि दुसरा थकलेला असेल तर गाडी थकलेल्याच्याच चालीने जाते. महागडं कार्ड आणि कमजोर प्रोसेसर, किंवा उलट, असं झालं की एक भाग दुसऱ्याची वाट पाहत बसतो. पण त्याच्याही आधी प्रश्न येतो तो एकमेकांत बसण्याचा.

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा. इंटेलची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी एलजीए १७०० या सॉकेटमध्ये बसते. नंतरचे कोअर अल्ट्रा २०० मालिकेतले डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १८५१ मध्ये. रायझन ५००० पर्यंतचे एएम४ मध्ये, ७००० पासून पुढचे एएम५ मध्ये. एकाचा प्रोसेसर दुसऱ्या सॉकेटमध्ये बसत नाही.

मेमरीचंही तसंच. एएम५ आणि एलजीए १८५१ वर फक्त डीडीआर५ चालते. एएम४ वर फक्त डीडीआर४. एलजीए १७०० वर दोन्हींचे बोर्ड मिळतात, पण बोर्ड ज्या प्रकारचा त्याच प्रकारची मेमरी त्यात बसते. १६ जीबी घ्यायची तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, दोन वाटांनी माहिती जाते आणि वेग वाढतो. पुढे ३२ जीबी करायचा विचार असेल तर बोर्डवर चार स्लॉट आहेत का ते बघा. एच६१० सारख्या स्वस्त बोर्डांवर बहुधा दोनच असतात.

स्वस्त बोर्डाचा दुसरा प्रश्न विजेचा. कोअर आय९-१४९००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत वीज खेचतो. तो एच६१० बोर्डमध्ये बसेल, पण त्या बोर्डची वीज देणारी यंत्रणा इतका भार पेलत नाही. प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि आय९ चे पैसे देऊन आय५ सारखं काम मिळतं. आय५ किंवा रायझन ५ साठी बी७६० किंवा बी६५० वर्गातला बोर्ड समतोल राहतो.

जुना बोर्ड आणि नंतर आलेला प्रोसेसर, असं असेल तर बायोस अपडेट लागतो. बी६५० बोर्ड रायझन ९००० च्या आधी आला, त्यामुळे जुन्या साठ्यातल्या बोर्डमध्ये ९००० मालिका सुरूच होणार नाही असं घडू शकतं. दुकानातच अपडेट करून, चालू करून दाखवायला सांगा.

वीज: पॉवर सप्लाय आणि यूपीएस

या भागात लोक पैसे वाचवतात आणि इथेच मशीन जळतं. आरटीएक्स ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॉटच्या पॉवर सप्लायची शिफारस करते. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या बिननावाच्या सप्लायवर लिहिलेल्या वॉटवर विश्वास ठेवू नका. '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या आणि कार्डासाठी लागणारी वायर त्याला आहे का ते तपासा.

यूपीएसचा हिशोब असा करा. आय५-१२४०० पूर्ण जोरात ११७ वॉट, आरटीएक्स ४०६० चे ११५, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून ५०-६०, मॉनिटर २५-३०. झाले ३०० च्या पुढे. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. म्हणजे अगदी काठावर. लाइट गेली की फाइल जपून ठेवण्याइतका वेळ मिळायचा तर १००० व्हीए घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो प्युअर साइनवेव्ह असावा. जुन्या इमारतीत, चाळीत राहात असाल तर अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यंत्रमागाच्या गावांत, जिथे एकाच लाइनवर मोठ्या मोटरी चालतात, तिथे व्होल्टेजकडे जास्त लक्ष द्या.

कार्डाची लांबी आणि जाडीही बघा. काही कार्डं ३०० मिलिमीटरहून लांब असतात. कॅबिनेटच्या माहितीत कमाल लांबी दिलेली असते, ती कार्डाच्या लांबीशी ताडून पाहा.

टप्प्याटप्प्याने खरेदी

दुकानात 'नो-कॉस्ट' हप्त्याची योजना सांगतात. अनेक योजनांत कागदावर बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किमतीत दिलेली असते, शिवाय प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी येऊ शकतो. हे जायज आहे की नाही, हा मसला तुमच्या भरवशाच्या आलिमांना विचारा. आम्ही इथे फतवा देत नाही. कागद वाचा, एवढंच सांगतो. मात्र ज्यांना हप्ता नको आहे त्यांच्यासाठी सरळ रस्ता आहे.

पहिल्या वर्षी बहुतेक शाखांत ड्रॉइंग, प्रोग्रामिंगची सुरुवात आणि पायाभूत विषय असतात. त्याला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. तेव्हा पहिल्या टप्प्यात चांगला प्रोसेसर (आतलं ग्राफिक्स असलेला), चांगला बोर्ड, १६ जीबी मेमरी, एसएसडी आणि पुढच्या कार्डाचा विचार करून घेतलेला ५५० किंवा ६५० वॉटचा पॉवर सप्लाय एवढंच घ्या. कार्ड तिसऱ्या सत्रानंतर, शाखेचं काम कळल्यावर, पैसे साठवून घ्या. तोवर मुलाला नेमकं काय लागतं हेही समजलेलं असतं. एआयचा सराव करणाऱ्यांना मध्यंतरी गुगल कोलॅबवर मर्यादित वेळ मोफत कार्ड वापरता येतं.

यात सॉकेटची निवड महत्त्वाची. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे, म्हणजे पुढे त्याच बोर्डवर नवा प्रोसेसर लावता येईल. एलजीए १७०० वर चौदाव्या पिढीच्या पुढे मोठी वाट नाही, पण डीडीआर४ चा स्वस्त बोर्ड मिळाला तर सुरुवातीचा खर्च कमी होतो. मेमरीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून झपाट्याने चढले आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंचा एकूण हिशोब त्याच दिवशीच्या भावाने करा.

शाखेप्रमाणे कशावर जोर द्यायचा

- मेकॅनिकल: वेगवान कोअरचा आय५ किंवा रायझन ५, १६ जीबी मेमरी, सुरुवातीला ८ जीबीचं साधं कार्ड. अॅन्सिस जास्त वापरणार असाल तर कार्डाआधी मेमरी ३२ जीबी करा. मेमरी कमी पडली की सॉफ्टवेअर डिस्कवर लिहू लागतं आणि तासाभराचं काम रात्रभर चालतं.
- सिव्हिल आणि आर्किटेक्चर: ऑटोकॅड, रेव्हिट, स्टॅड-प्रो, ईटॅब्ससाठी प्रोसेसर आणि मेमरी. लुमिऑन किंवा एन्स्केपवर देखावे काढणार असाल तरच मोठं कार्ड.
- इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिकल: प्रोसेसर आणि मेमरीवर खर्च करा. कार्ड बहुतेकांना लागतच नाही.
- कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स: एनव्हिडियाचं कार्ड, १२ किंवा १६ जीबी मेमरीचं. साध्या प्रोग्रामिंगला कार्डाची गरज नाही.

लॅपटॉप घ्यायचा असेल तर

होस्टेलवर राहणाऱ्या, रोज लोकलने किंवा एसटीने जाणाऱ्या मुलामुलींना लॅपटॉपच सोयीचा. पण लॅपटॉपमध्ये कार्ड नंतर बदलता येत नाही, म्हणून निवड पहिल्यांदाच बरोबर हवी. नाव सारखं असलं तरी लॅपटॉपचं कार्ड वेगळं असतं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ८ जीबी. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कुठल्याही मर्यादेवर बसवलेलं असू शकतं. वॉट किती ते विचारा. मेमरी वाढवता येते की बोर्डवरच जोडलेली आहे, हेही विचारा.

मॅकवर सॉलिडवर्क्स, कॅटिया, अॅन्सिस थेट चालत नाहीत. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप हलके आणि बॅटरीला उत्तम, पण इंजिनिअरिंगच्या अनेक सॉफ्टवेअरना ते अजून मानवत नाहीत.

सेकंडहँड आणि आखातातून आणलेला माल

मोठ्या कंपन्यांचे वापरलेले वर्कस्टेशन स्वस्त मिळतात आणि मजबूतही असतात. पण दोन गोष्टी तपासा. विंडोज १० चं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० च्या पुढचा प्रोसेसर लागतो. वर सांगितलेला झिऑन ई५ त्या यादीत नाही. दुसरं, अशा मशीनचे बोर्ड आणि पॉवर सप्लाय अनेकदा कंपनीच्या खास जोडणीचे असतात. बाजारातला साधा सप्लाय त्यात बसत नाही, आणि मोठं कार्ड लावायला वायरच मिळत नाही. तिथे ५० किंवा ७० वॉटचं प्रोफेशनल कार्ड हाच बरा उपाय.

कोकणातल्या अनेक घरांत कुणी ना कुणी दुबईला, कुवेतला, सौदीत असतं. तिथून कार्ड किंवा लॅपटॉप मागवण्याआधी वॉरंटी भारतात चालेल का ते लेखी विचारा. बऱ्याच वस्तूंची वॉरंटी विकल्या त्या देशापुरतीच असते. लॅपटॉपच्या कीबोर्डवर अरबी अक्षरं असतील, चार्जरचा पिन चौकोनी असेल, त्याची तयारी ठेवा. कस्टमचा सध्याचा नियम बघून आणि बिल सोबत घेऊनच आणा.

दुकानात जाण्याआधी ही यादी खिशात ठेवा

१. सॉफ्टवेअरची नावं आणि त्यांची शिफारस केलेली गरज.
२. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट.
३. बोर्डचा सॉकेट, मेमरीचा प्रकार, स्लॉट किती, बायोस नवा आहे का.
४. कार्डाची मेमरी, वॉट, लांबी.
५. पॉवर सप्लायची कंपनी, वॉट, प्रमाणपत्र.
६. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर असलेलं जीएसटीचं बिल. वॉरंटीच्या वेळी याच कागदाला किंमत असते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनजवळ, पाच-सहा दुकानांत हीच यादी दाखवून लेखी भाव घ्या. प्रत्येक दुकान एखादी वस्तू बदलून सुचवेल. का बदलली ते विचारा. ज्याला नीट उत्तर देता येतं, त्याच्याकडे थांबा.

घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावू नका, कार्डाला लावा. ही चूक इतक्या घरांत होते की हजारोंचं कार्ड महिनोन्महिने नुसतं बसून राहतं. लॅपटॉपमध्ये विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन सॉफ्टवेअरला मोठं कार्ड वापरायला सांगा. ड्रायव्हर एनव्हिडिया किंवा एएमडीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. एनव्हिडियाच्या जीफोर्सवर काम करणाऱ्यांनी गेमऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर निवडला तर बरं.

शेवटी एक विनंती. घरात मुलगी इंजिनिअरिंगला असेल तर तिची यादीही इतकीच गंभीरपणे करा. भावाचा जुना लॅपटॉप तिला देऊन नव्याचा हिशोब भावासाठी मांडू नका. सॉफ्टवेअरची भूक दोघांच्याही अभ्यासाला सारखीच लागते. आणि ज्यांचं मशीन घेऊन झालं आहे, त्यांनी आपली यादी मोहल्ल्यातल्या पुढच्या मुलाला, मुलीला द्यावी. त्यांच्या घरची एक चूक टळली तरी त्या यादीचं चीज झालं.